आधी औषध, मग माळ

कल्याण सोडून गाडी कर्जतच्या अंगाला निघाली की पहिलेच स्टेशन लागते विठ्ठलवाडी. त्यापुढे उल्हासनगर, मग अंबरनाथ, मग बदलापूर. या पट्ट्यात माळकरी मंडळी पुष्कळ. कोणी इथलेच मूळचे आगरी-कुणबी, कोणी घाटावरून कारखान्यात पोटासाठी आलेले. गावोगाव, चाळीचाळीत हरिपाठ होतो. आणि त्याच चाळींत, त्याच कारखान्यांच्या आडोशाला नशेचाही धंदा चालतो. ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

गेल्या कार्तिकात आमच्याकडचा हरिपाठ आटोपला, मंडळी पांगली, आणि एक बाई मागे थांबल्या. उल्हासनगरच्या एका कँपात राहतात, दोन घरची धुणीभांडी करतात. पदराचे टोक हातात धरून म्हणाल्या, "बुवा, पोराच्या खिशात पुडी सापडली. दीर म्हणतो पोलिसात द्या, नाहीतर आपण सगळे अडकू. भाऊ म्हणतो गावाकडं न्या, माळ घाला, वारीला धाडा, सुटेल आपोआप. मी कुणाचं ऐकू?"

खरे सांगतो, त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. कीर्तनात व्यसनावर बोलणे सोपे असते, आईच्या प्रश्नाला उत्तर देणे कठीण. मग मी कायदा समजून घेतला, डॉक्टरांपाशी बसलो, आणि आपल्याच दिंडीतली एक जुनी चूक मला नव्याने दिसली. ते सारे या पाठात क्रमाने मांडतो. प्रश्न तीन आहेत. सरकारचा कायदा काय म्हणतो? हा रोग असतो कसा? आणि माळकऱ्याने करायचे काय?

पहिला भाग : कायदा

आपल्या भागात कायद्याची आणि नशेची गाठ जुनी आहे. इंग्रजांच्या अमदानीत १८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला आणि घरी दारू गाळणे बंद झाले. पुढे १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांचा साठा आणि विक्री यांवरही बंधन आले. पण लोकांची दारू सुटावी हा त्यामागचा हेतू नव्हता. दारू सरकारी मक्त्याच्या दुकानातूनच विकली जावी आणि महसूल सरकारात जमा व्हावा, एवढाच हेतू. अफू-गांजाही परवान्याच्या दुकानांतून मिळत असे. पुण्यात म्युनिसिपालिटीचे सभासद असताना महात्मा फुले यांनी १८८० साली दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध लेखी तक्रार केली होती, ती याच धोरणामुळे.

स्वराज्य आले. १९४९ साली मुंबई राज्याने दारूबंदीचा कायदा केला. योग असा की, त्याच वर्षी ८ ऑगस्टला कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या जागी, सिंधमधून घरदार सोडून आलेल्या निर्वासितांसाठी उल्हासनगरची पायाभरणी झाली. ती केली गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी. हे राजाजी म्हणजे १९३७ साली मद्रास इलाख्यात सेलम जिल्ह्यापासून दारूबंदी सुरू करणारे गृहस्थ. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमातही सांगितले आहे की, औषधाचे कारण सोडून मादक पेये आणि आरोग्याला घातक अशा मादक पदार्थांचे सेवन बंद व्हावे, यासाठी राज्याने झटावे.

हेतू चांगला होता. पण झाले काय? सरकारमान्य दुकान बंद झाले आणि ओढ्याकाठी, डोंगराच्या कुशीत हातभट्टी पेटली. काळा गूळ आणि नवसागर यांचा धंदा बसला. जुनी माणसे अजून सांगतात, ट्रकच्या टायरट्यूबमधून दारू शहरात जाई. पुढे बंदी सैल होत गेली, १९७३ मध्ये देशी दारूचे नियम झाले. आज कायद्याचे नाव 'महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम' असेच आहे, पण दारू परवान्यावर विकली जाते आणि कागदोपत्री पिणाऱ्यालाही परवाना लागतो. एका हाताने सरकार परवाना देते आणि दुसऱ्या हाताने व्यसनमुक्तीचा प्रचार करते. २०११ मध्ये राज्याने व्यसनमुक्तीचे धोरण जाहीर केले, २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. तरी चोरटी दारू गेली नाही. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली. त्या दारूत मिथाइल अल्कोहोल होते. हे कारखान्यात वापरायचे रसायन. पोटात गेले की आधी डोळे जातात आणि मग प्राण.

तात्पर्य, नुसत्या बंदीने व्यसन जात नाही, आणि नुसत्या परवान्याने तर मुळीच नाही. ही पहिली शिकवण ध्यानात ठेवा.

आता दारूपलीकडचे पदार्थ पाहू. अफू, गर्द, गांजा, चरस, आणि हल्ली ज्याचे नाव पोरांच्या तोंडी आहे ते एमडी, म्हणजे मेफेड्रोन. या सर्वांसाठी १९८५ सालचा केंद्राचा अंमली पदार्थांचा कायदा आहे. तो १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू झाला. १९६१ साली जगातल्या राष्ट्रांनी मिळून अंमली पदार्थांबाबत एक करार केला होता, त्यात भारतही होता. त्या कराराच्या पूर्ततेसाठी हा कायदा आला. मेफेड्रोन त्यात २०१५ मध्ये घातले गेले.

या कायद्यात शिक्षा मालाच्या वजनावर ठरते. गांजा एक किलोपर्यंत असेल तर तो 'अल्प' धरतात आणि वीस किलोच्या वर गेला की 'व्यापारी' प्रमाण. गर्दाचे हेच आकडे पाच ग्रॅम आणि अडीचशे ग्रॅम. एमडीचे दोन ग्रॅम आणि पन्नास ग्रॅम. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. व्यापारी प्रमाणाला मात्र दहा वर्षांच्या खाली शिक्षा नाही. ती वीस वर्षांपर्यंत जाते आणि दंड लाखाच्या घरात. म्हणजे विकणारा आणि त्यात अडकलेला, या दोघांना कायदा एकाच तराजूत घालत नाही.

आणि आता जी गोष्ट त्या बाईंना मी पहिल्या दिवशीच सांगायला हवी होती ती. याच कायद्यात ६४-अ नावाचे कलम आहे. ज्याला व्यसन जडले आहे आणि ज्याच्यावर फक्त सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप आहे, तो जर आपणहून सरकारी अथवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला गेला आणि त्याने ते उपचार घेतले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट टाकला तर ही सवलत काढून घेता येते. विक्री केली असेल, मोठा साठा सापडला असेल, तर हे दार नाही. दोषी ठरलेल्या व्यसनी इसमाला त्याच्या संमतीने शिक्षेऐवजी आधी उपचारासाठी सोडण्याचा अधिकारही ३९ व्या कलमाने न्यायालयाला दिला आहे. शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अंमली पदार्थांमुळे होणारा मनोविकार हा आजारातच धरला. त्याच कायद्याने रोग्याला साखळीने बांधून ठेवायला मनाई केली.

म्हणजे पाहा, कायद्याने दार उघडे ठेवले आहे. ते बंद केले आहे आपण, लाजेने. केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्सकडून केलेली देशभरची पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात असे आढळले की, दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या अडतीस माणसांमागे कसाबसा एक जण काही उपचार घेतो. बाकीचे सदतीस कुठे असतात? घरात कोंडलेले, गावाला धाडलेले, नाहीतर रस्त्याला लागलेले.

दुसरा भाग : रोग

आता आमची चूक सांगतो. नाव-गाव सांगत नाही, पण हकिगत जशी घडली तशी.

अंबरनाथकडे एका रसायनाच्या कारखान्यात काम करणारा चाळिशीचा गडी. रोज दारू, पाळीवर जाण्याआधी आणि आल्यावर. बायको कंटाळून आमच्याकडे आली. आम्ही त्याला समजावले. माणूस मनाचा सरळ. आळंदीहून माउलींची पालखी निघायची, त्याच्या आदल्या दिवशी मी स्वतः त्याच्या गळ्यात तुळशीची माळ घातली. तो पाया पडला, रडला, म्हणाला, "बुवा, आता थेंब नाही." आणि त्याने शब्द पाळला. हे मुद्दाम सांगतो. त्याने शब्द पाळला म्हणूनच तो मरता मरता वाचला.

प्रस्थानाच्या दिवशी त्याचे हात कापू लागले. टाळ धरवेना. आम्ही म्हटले, होते असे, नाम घे. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या वाटेवर अंगाला घाम, अन्न जाईना. पुण्याच्या मुक्कामात रात्री तो उठून बसला आणि अंथरुणावरच्या मुंग्या झटकू लागला. मुंग्या नव्हत्याच. बायकोला ओळखेना. एक जण म्हणाला, बाहेरची बाधा आहे, अंगारा लावा. दुसरा म्हणाला, नाटक करतो, दारू पाहिजे याला. आणि तेवढ्यात त्याला झटका आला, दात लागले, डोळे पांढरे झाले.

दिंडीत एक म्हाताऱ्या माउली होत्या, जन्मभर इस्पितळात आयाचे काम केलेल्या. त्या ओरडल्या, "अंगारा ठेवा बाजूला, गाडी बोलवा!"

दवाखान्यात डॉक्टरने पहिला प्रश्न केला, "दारू सोडून किती दिवस?" मी जरा अभिमानानेच सांगितले, "तिसरा दिवस." तो म्हणाला, "काका, एवढी वर्षं रोज पिणाऱ्याची दारू अशी एकदम तोडायची नसते. औषधाच्या आधारानं उतरवायची असते. आणखी थोडा उशीर केला असता तर हा हाती लागला नसता."

सज्जनहो, त्या रात्री मी दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिलो. माळ मीच घातली होती. हेतू चांगला होता, १९४९ च्या कायद्याचाही होता. हेतूने शरीर ऐकत नाही.

नंतर डॉक्टरांनी समजावले ते असे. रोज भरपूर दारू पिणाऱ्याचा मेंदू त्या दारूशी जुळवून घेतो. दारू एकाएकी थांबली की मेंदूचा लगाम सुटतो. पहिल्या दिवशीच हातपाय कापतात, घाम येतो. एक-दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांच्या सुमारास भ्रम होतो, नसलेली चित्रे दिसतात, ताप चढतो. हा प्रकार प्राणावर बेतू शकतो. प्रत्येकाला असे होते असे नाही, पण कोणाला होईल ते आपण घरात बसून सांगू शकत नाही. म्हणून डॉक्टर ठरलेली औषधे उतरत्या प्रमाणात देतात, जीवनसत्त्वाची सुई देतात, आणि सात-आठ दिवसांत माणूस वर येतो. झोपेच्या गोळ्यांची सवय असेल तर त्याही अशाच, एकदम न तोडता सावकाश उतरवाव्या लागतात.

गर्दाची तऱ्हा वेगळी. गर्द तोडल्यावर नाकाडोळ्यांतून पाणी, जुलाब, हाडे मोडल्यासारखी दुखतात. वेदना भयंकर, पण त्याने सहसा माणूस मरत नाही. मरणाचा धोका पुढे असतो, आणि तो आपल्या वारीशी निगडित आहे, म्हणून नीट वाचा. पोरगा वारीच्या तीन आठवड्यांत गर्दाशिवाय राहिला. सगळे आनंदले. पण तेवढ्या दिवसांत त्याच्या शरीराची सहन करायची ताकद उतरलेली असते. परत आल्यावर जुन्या सोबत्याने हात धरला आणि त्याने पूर्वीइतकीच मात्रा घेतली, तर पूर्वी जी पचत होती तीच आता श्वास बंद करते. घरचे म्हणतात, सुटली होती हो, मग असे कसे झाले? असे होते. म्हणून वारीहून आल्यानंतरचा पहिला महिना हा वारीपेक्षा जपण्याचा.

कोणी म्हणेल, नामात सामर्थ्य नाही काय? आहे. पण साप चावला तर आपण नाम घेत घेत इस्पितळच गाठतो. तेव्हा कोणी म्हणत नाही की विश्वास कमी पडला. मग या विषालाच वेगळा न्याय का? पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंच्या मदतीने मुक्तांगण सुरू केले, तेव्हा महाराष्ट्रात गर्दाचा कहर होता. तिथेही हेच केले जाते. आधी औषधाने अंग सावरायचे, मग बोलून मन सावरायचे, आणि मग वर्षानुवर्षे सोबत ठेवायची. यातले तिसरे काम, सोबतीचे, आपल्या दिंडीइतके चांगले कोण करील? पण पहिली पायरी गाळून तिसरी चढता येत नाही.

तिसरा भाग : माळकऱ्याचे काम

आपल्या भागाला कारखान्यांची दाटी. म्हणून आपली जबाबदारी अधिक. अ‍ॅसिटिक अनहायड्राइड नावाचे एक रसायन औषधांच्या आणि रंगांच्या कारखान्यात लागते आणि हेरॉइन करायलाही तेच लागते. म्हणून सरकार त्याच्या खरेदी-विक्रीचा हिशोब मागते. पुणे पोलिसांनी २०२४ च्या फेब्रुवारीत दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत एमडीचा मोठा साठा पकडला. दौंड तालुका म्हणजे तुकोबांच्या पालखीचा मार्ग, यवत-वरवंडचा. तेव्हा हे लांब कुठे तरी घडते असे समजू नये. तुमचा गाळा, तुमची खोली भाड्याने द्यायची असेल तर घेणारा कोण, काय करणार, रात्री वास कसला येतो, याकडे लक्ष ठेवा. जाणूनबुजून आपली जागा अशा कामाला वापरू दिली तर जागेच्या मालकालाही या कायद्यात शिक्षा आहे. संशय आला तर १९३३ या क्रमांकावर कळवावे. तो यासाठीच २०२४ पासून चालू आहे.

दारूच्या दुकानाने वस्ती पिडली असेल तर बायांच्या हातात एक साधन आहे. २००८ पासून गावात आणि पुढे शहरी वॉर्डातही नियम आहे की, पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर मतदान घेतात, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी 'आडव्या बाटली'ला मत दिले तर दुकान बंद होते. केवळ मत देणाऱ्यांच्या निम्म्या नव्हेत, यादीतल्या सगळ्यांच्या निम्म्याहून अधिक. म्हणून प्रत्येकीला घराबाहेर काढावे लागते. आपली भजनी मंडळे हे काम करू शकतील.

पोरांबद्दल कायदा फार कडक आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला दारू, तंबाखू किंवा अंमली पदार्थ देणाऱ्याला, अथवा मुलाकरवी ते विकवून घेणाऱ्याला, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड आहे. आणि इथे एक बोच आपल्यालाच. नातवाला पैसे देऊन तंबाखूची पुडी आणायला पाठवणारे माळकरी मी पाहिले आहेत. गळ्यात माळ आणि कनवटीला चंची. मीही त्यांतलाच होतो. हा पाठ लिहायला घेतला तेव्हा प्रथम ती सोडली. नाहीतर कोणत्या तोंडाने लिहिणार?

आता सार सांगतो. पाठ करून ठेवावे.

१. कोणी "सोडतो" म्हणाला की आधी विचारा, काय घेतोस, किती, कधीपासून. रोज घेणारा असेल तर आधी सरकारी इस्पितळातल्या मानसोपचार विभागात न्या. माळ त्यानंतर. माळ कुठे पळून जात नाही.

२. उपचार मागायला जाणे हा गुन्हा नाही. कुठे जावे समजत नसेल तर १४४४६ या व्यसनमुक्तीच्या फुकट फोनवर विचारावे.

३. खाजगी केंद्रात ठेवण्याआधी पाहावे की नोंदणी आहे का, डॉक्टर येतो का, घरच्यांना भेटू देतात का. "मारून सरळ करतो" म्हणणाऱ्याच्या हाती आपले माणूस देऊ नये.

४. वारीला न्यायचे तर डॉक्टरला विचारून, औषधे बरोबर घेऊन, आणि दिंडीतल्या एकाला तरी सांगून ठेवून.

५. परत पाय घसरला तर माळ ओढून काढू नये, चारचौघांत बोलू नये. मलेरियाचा ताप उलटतो तसा हाही उलटतो. पुन्हा दवाखान्यात न्यावे.

६. विकणाऱ्याची मात्र गय नाही. तो कोणाचाही नातलग असो, वर्गणी कितीही देत असो. त्याच्या पैशाचा मंडप नको आणि त्याच्या घरची पंगत नको.

अंबरनाथचा तो गडी आज आमच्याबरोबर हरिपाठाला उभा राहतो. माळ त्याने तीन महिने उपचार घेतल्यावर पुन्हा घातली, त्या आयाबाईंच्या हातून. माझ्या हातून नव्हे, आणि ते योग्यच झाले.

उल्हासनगरच्या बाईंना मी आठवड्याने उत्तर दिले. म्हटले, "माउली, पोलिसात नको आणि गावालाही नको. सोमवारी पोराला घेऊन दवाखान्यात जाऊ, मी बरोबर येतो." त्या म्हणाल्या, "लोक बघतील." मी म्हटले, "बघू देत. बुवा बरोबर आहे म्हणतील."

आम्ही गेलो. बाकावर तीन तास बसलो. पोरगा मान खाली घालून होता. मधेच म्हणाला, "बुवा, मला आत घेतील ना?" तो तुरुंगाबद्दल विचारत होता की दवाखान्याबद्दल, ते मला कळले नाही. मी म्हटले, "घेतील, आणि बाहेरही सोडतील." तो आजवर एकदा घसरला, पुन्हा बाकावर येऊन बसला. उपचार चालू आहेत. पुढचे पांडुरंगाच्या हाती, पण बाकावर सोबत बसणे आपल्या हाती आहे.

ज्या मंडळाच्या गावी असा कोणी असेल, त्याने पुढल्या एकादशीपावेतो वाट पाहू नये.

रामकृष्णहरि.